स्मोकरसाठी घरगुती तापमान नियंत्रक: पीआयडी मॉड्यूल, आर्डुइनो की हीटरमीटर?

टेक्सासच्या पद्धतीने ब्रिस्केट (गोमांसाचा छातीकडचा भाग) करायचे म्हणजे मांस २२५ ते २५० अंश फॅरनहाइट (सुमारे १०७ ते १२१ अंश सेल्सिअस) तापमानात कित्येक तास धुरावर ठेवावे लागते, आणि तेवढा वेळ झडपेपाशी बसणे टाळण्यासाठी अमेरिकेतील अनेक हौशी मंडळी नियंत्रक स्वतःच जोडतात. बोर्ड निवडण्याआधी मात्र आपला स्मोकर (मांस धुरावर शिजवण्याची भट्टी) विजेवर चालतो की कोळशावर, हे पाहावे. निम्मा निर्णय तिथेच होतो.

विजेच्या स्मोकरसाठी तयार पीआयडी मॉड्यूल (ठरवलेल्या तापमानापासूनचा फरक पाहून उष्णता कमी-जास्त करणारे उपकरण), के-प्रकारचे थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आणि सॉलिड स्टेट रिले (हलत्या भागांविना चालणारा विजेचा स्विच) एवढे पुरते. प्रोग्रॅम लिहावा लागत नाही आणि बहुतेक मॉड्यूल ऑटोट्यून करतात, म्हणजे नियंत्रणाची मापे स्वतःच जुळवतात. काळजी घ्यावी लागते ती रिलेची. ८०० वॅटची कॉइल १२० व्होल्टवर जवळपास ६.७ अँपिअर घेते, तेव्हा रिलेतच सात-आठ वॅट उष्णता तयार होते, म्हणून हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) हवाच. शिवाय असा रिले बिघडला तर बहुधा चालू अवस्थेतच अडकतो. त्यामुळे स्मोकरमधील मूळ थर्मल कटऑफ (अति तापल्यास वीज तोडणारा भाग) कोणत्याही कारणाने काढू नये.

कोळशाचे गणित निराळे आहे. तिथे नियंत्रक १२ व्होल्टच्या ब्लोअरने निखाऱ्यांना हवा पुरवतो. तापमान चढवणे त्याच्या हाती असते, पण चढलेले उतरवायला निखारे मंदावण्याची वाट पाहण्यावाचून उपाय नसतो. दारातून हवा शिरत असेल, तर उत्तम प्रोग्रॅमही हतबल ठरतो. म्हणून आधी दाराला उष्णतारोधक गॅस्केट (फट बुजवणारी पट्टी) लावावे, खर्च नंतर करावा. ब्लोअर थांबला तरी धुराड्याची ओढ त्यातूनच हवा खेचत राहते, यासाठी सर्व्होवर (हव्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरवर) चालणारी झडप उपयोगी पडते.

आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि थर्मोकपल वाचणारी मॅक्स६६७५ चिप घेतली तर ०.२५ अंश सेल्सिअसच्या टप्प्यांनी वाचन मिळते, आणि या कामाला ते भरपूर आहे. अडचण येते झाकण उघडल्यावर: तापमान कोसळलेले पाहून साधा पीआयडी ब्लोअर पूर्ण वेगाने फिरवतो आणि झाकण लावताच आग भडकते. ही स्थिती ओळखून ब्लोअर थांबवणारा कोड आपल्यालाच लिहावा लागतो. हीटरमीटर या स्मोकर-नियंत्रकाच्या मुक्त (ओपन सोर्स) प्रकल्पात तो आयता आहे; त्यात नियंत्रणाचे काम एव्हीआर ही छोटी प्रोसेसर चिप करते, तर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक तापमानाचा आलेख फोनवर दाखवतो. सोल्डरिंगचा हात मात्र बऱ्यापैकी बसलेला हवा.

स्मोकर विजेचा असल्यास मी निःशंकपणे मॉड्यूल सुचवेन. कोळशाचा असल्यास हीटरमीटर. आर्डुइनो तेव्हाच, जेव्हा प्रोग्रॅम लिहिण्यातच खरी गोडी असेल. कोणताही मार्ग घेतला तरी थर्मोकपलचे टोक जाळीच्या पातळीवर, पण थंड मांसापासून थोडे दूर लावावे; अगदी जवळ असल्यास वाचन कमी येते आणि नियंत्रक विनाकारण आग वाढवत राहतो.