युकोचा कप: पहिला फसला, दुसरा जमला

दुकानातून छापून घेतलेला पहिला कप हातात आला तेव्हा त्यावर माझी आवडती, जपानी कार्टून मालिकेतली युको होती, पण शेजारी एक चंदेरी केसांचा बाप्याही उभा होता. मी दिलेल्या चित्रात तो नव्हता.

"ताई, बाई एकटीच दिसत होती, म्हणून जोडीदार लावला नेटवरनं," दुकानदार म्हणाले. "पोरं ह्येचंच चित्र घेऊन येत्यात."

भोवती लाल बदामाची चौकट होती आणि युकोचा चेहरा लग्नाच्या अल्बमात करतात तसा पांढराफेक, गुळगुळीत केलेला. मी म्हटलं, दादा, हिचं लग्न झालंय, नवरा वेगळा आहे, तीन पोरी आहेत. त्यांना खरंच वाईट वाटलं. "मग ह्यो कोण?" म्हणाले.

दुकान सांगलीत, हरभट रोडच्या आतल्या एका गल्लीत आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, टी-शर्ट, कप असं सगळं छापतात. कप अडीचशेला, टी-शर्ट साडेतीनशेला.

आता ह्यो कोण आणि ही कोण, ते सांगते. 'युरी ऑन आइस' ही २०१६च्या ऑक्टोबर ते डिसेंबरात आलेली बारा भागांची जपानी कार्टून मालिका. बर्फावरच्या स्केटिंगची. चंदेरी केसांचा तो व्हिक्टर, रशियाचा जगज्जेता. गोष्ट त्याची आणि युरी कात्सुकी या जपानी स्केटरची. दोघांवर जीव टाकणारे गावोगावी आहेत. पुढचा चित्रपट येणार म्हणून लोक वर्षानुवर्षं थांबले होते, तो २०२४च्या एप्रिलमध्ये रद्द झाल्याचं जाहीर झालं तेव्हा माझा भाचा दोन दिवस नीट जेवला नाही. मला मात्र पहिल्या भागापासून आवडली ती युको निशिगोरी. मालिकेतल्या हासेत्सू गावात आइस कॅसल नावाचं रिंक, म्हणजे बर्फाचं स्केटिंगचं मैदान आहे, तिथे काम करणारी.

कारण मी तेच काम करते. विश्रामबागेत स्केटिंगच्या एका क्लासला संध्याकाळी बूट द्यायचे, परत घ्यायचे, नाड्या सोडवायच्या. आमची चाकं, त्यांचं पातं, एवढाच फरक. सांगलीत बर्फ म्हणजे गोळ्याचा, नाहीतर मासळीच्या पेटीतला. पण साठ पोरांनी घातलेल्या बुटांचा वास जपानातही तसाच येत असणार. पावसाळ्यात बेअरिंगमध्ये बारीक माती जाते, चाक कुरकुरायला लागतं, मग सगळी खोलून पेट्रोलमध्ये धुवायची. ते करताना माझ्या डोळ्यासमोर युको असते.

लहानपणी ती आणि युरी एकाच रिंकवर, व्हिक्टरच्या नकला करत वाढले. पुढे युरी मोठ्या स्पर्धांना गेला, ही गावातच राहिली. त्याच रिंकवरच्या ताकेशीशी लग्न केलं, तिळ्या मुली झाल्या. युरी हरून पाच वर्षांनी घरी येतो, तेव्हा रिंकवर येतो आणि तिला म्हणतो, बघ. व्हिक्टरचा अख्खा कार्यक्रम तो तिच्यासमोर करतो. हजारोंच्या स्टेडियममध्ये जमलं नाही ते तिथे जमतं, कारण बघणारी युको आहे. तिच्या पोरी ते चोरून मोबाइलवर घेतात, नेटवर टाकतात आणि तिथून पुढची गोष्ट सुरू होते. लोक म्हणतात व्हिक्टर आल्यामुळे सगळं घडलं. मी म्हणते, आधी रिंकचं दार कुणी उघडलं?

पोरींची नावं ॲक्सेल, लुट्झ आणि लूप. तिन्ही स्केटिंगमधल्या उड्यांची नावं. ॲक्सेल एकटीच पुढे तोंड करून मारायची, म्हणून तिच्यात अर्धा वेढा जास्त लागतो. लुट्झला पात्याच्या टोकाचा दाता बर्फात रोवावा लागतो, लूपला नाही, ती नुसत्या कडेवरून उठते. चाकांवरही ह्याच उड्या असतात, दात्याच्या जागी पुढचा रबरी स्टॉपर. मी दहावीत असताना एक वेढ्याची लूप मारायचे. पुढे बारावी, मग लग्न. स्केटिंग सोडलेली बाई पोरींना उड्यांची नावं देते, हे ज्यानं सुचवलं त्याला माझा नमस्कार. मालिकेतल्या दुसऱ्या स्केटर, मिला आणि साराही आवडतात. मिला एका चिडक्या रशियन पोराला डोक्यावर उचलते तेव्हा मी घरात शिट्टी मारली होती. पण कपावर युकोच हवी होती.

चित्र भाच्यानं काढलेलं. युकोची पोनी, आणि हातात स्केट्सची जोडी.

तर दुकानदारांनी दुसरा कप फुकट करून दिला आणि मला समोर बसवून दाखवलाही. खास शाईनं कागदावर चित्र उलटं छापतात, उष्णतेला टिकणाऱ्या चिकटपट्टीनं कपाला गुंडाळतात आणि तापलेल्या पट्ट्यात दाबून धरतात. शाईची वाफ होऊन ती कपावरच्या थरात मुरते. म्हणून साधा कप चालत नाही, वरून तो थर दिलेलाच लागतो. पहिल्यांदा पोनी कपाच्या कानाशी कापली गेली होती. ह्यावेळी त्यांनी चित्र थोडं लहान केलं आणि मला विचारून मगच दाबलं. केसांचा तपकिरी रंग नीट उतरला. दोन महिने झाले, रोज चहा आणि रोज घासणी, रंग जागचा हलला नाही.

टी-शर्टचं मात्र बोलायला नको. मला सुती हवा होता, आणि सुतीवर ही शाई धरत नाही, तिला पॉलिस्टर लागतं. त्यांनी ते आधी सांगायला हवं होतं. वेगळा चिकटवायचा छाप दिला, तो चौथ्या धुण्याला खांद्यापाशी सुटला. परत नेल्यावर म्हणाले, "उलटा करून धुवायचा असतोय, ताई." हे विकताना का नाही सांगितलं? कपाला पाचपैकी साडेचार देते, टी-शर्टला दोन, तेही चित्र भाच्याचं म्हणून.

जायचं तर सकाळी अकराच्या आत जा. लग्नसराईत दुपारनंतर पत्रिकावाल्यांची झुंबड असते. चित्र कागदावर नको, पेन ड्राइव्हमध्ये न्या. आणि 'चेहरा उजळवू नका, शेजारी कुणाला लावू नका' हे तोंडी न सांगता लिहूनच द्या.

तो फसलेला कप त्यांनी टाकलेला नाही. काचेच्या कपाटात वरच्या फळीवर नमुना म्हणून ठेवलाय, व्हिक्टरची बाजू पुढे करून. परवा गेले तर कॉलेजच्या दोन मुली तसलाच मागत होत्या.