बोंडलं की बाटली?

ताई, बाळ 33 व्या आठवड्यात जन्मलेलं ना, मग आधी हे बघ, चोखणं-गिळणं-श्वास यांचा मेळ बसायला गरोदरपणापासून मोजून साधारण 34 आठवडे लागतात, त्यामुळे बाटलीतून दूध भसकन आलं की ठसका लागू शकतो. बोंडल्यात, म्हणजे चोच असलेल्या छोट्या वाटीत, वेग आपल्या हातात, बाळाला जरा उभं धरायचं, चोच खालच्या ओठावर टेकवायची, ओतायचं नाही, गिळलं की मग पुढचा घोट. वेळ जातो, दूध मानेच्या घडीत सांडतं, ते पुसत बसावं लागतं हे खरंय. पण स्टीलचं बोंडलं धुऊन उकळलं की झालं आणि वर्षानुवर्षं टिकतं, निपलच्या कडेला मात्र दुधाचा थर राहतो, शिवाय ती बदलावी लागते.

पुढे अंगावर पाजायचंय तर बोंडलंच घे. अंगावरचं शक्यच नसेल, बाळाला नीट चोखता येतंय असं डॉक्टरांनी बघून सांगितलं असेल, तर बाटली चालेल.