एटीआर की एअरबस? भाचीपुढचा प्रश्न

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या भाचीला विमान कंपनीत वैमानिक म्हणून घेतलंय आणि निवड विचारलीय: एटीआर ७२ की एअरबस ए३२०. घरात सगळ्यांचं मत एकच, मोठं विमान घे. मला ते पटत नाही.

वैमानिकाची ज्येष्ठता मोजतात ती रुजू झाल्याच्या तारखेवरून. वय नाही, हुशारी नाही. जिथे वेळापत्रक, तळ (कुठल्या शहरातून उडायचं ते) आणि सुट्ट्या या ज्येष्ठतेच्या क्रमाने वाटतात, तिथे नवख्याच्या हाती उरलंसुरलं येतं: पहाटे ३ चं रिपोर्टिंग, दिवाळीतली ड्युटी, घरी थांबून फोनची वाट पाहायचा स्टँडबाय.

एअरबसवर सुमारे १८० प्रवासी, लांबचे मार्ग, पुढे परदेशी कंपन्यांत मान. पण तिकडे सगळ्यांचीच धाव, त्यामुळे को-पायलट म्हणून यादीच्या तळाशी जास्त वर्षं जाऊ शकतात. एटीआर सत्तरेक प्रवाशांचं, पंख्याचं. उजळाईवाडीच्या धावपट्टीवर उतरतं तसलंच. दिवसाला चार-चार उड्डाणं, पावसाळ्यात सह्याद्रीवरचे ढग, दमणूक खरी. मात्र लँडिंगचा हात बसतो, आणि ज्येष्ठ मंडळी एअरबससारख्या जेटकडे सरकली की मागच्यांचा नंबर पटकन वर येतो. कॅप्टनपदाला लागणारे १५०० तास दोन्हीकडे भरतातच. जागा कुठे लवकर रिकामी होते हे खरं बघायचं.

पगार एअरबसवर सहसा जास्त, हे मान्य. तरी मी तिला एटीआरच घ्यायला सांगितलंय. एक मात्र बजावलं: कंपनी बदललीस तर नंबर पुन्हा शेवटचा. त्र्यंबोली यात्रेला घरी यायची तिची फार इच्छा आहे. पहिली काही वर्षं तरी ते दोन्हीकडे अवघडच.