‘चार का, दोन का नाही?’ : भूक मेलेल्यांसाठीची समुपदेशन सेवा, कोथरूड

जेवण जात नाही म्हटलं की पुण्यात सल्ल्यांना तोटा नाही : आलं-लिंबू चाटा, हिंगाष्टक घ्या, टेकडीवर फिरून या. कोथरूडमधल्या या आहार-समुपदेशन केंद्रात पहिल्या पाऊण तासात एकही सल्ला मिळत नाही. पैसे वसूल होतात ते तिथेच.

पद्धत मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची, म्हणजे उपदेश न करता बदलाची कारणं माणसाच्याच तोंडून काढणाऱ्या संवादाची. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३मध्ये ती दारूच्या व्यसनासाठी मांडली. जेवणाच्या बाबतीतही माणूस असाच अधांतरी असतो, ‘खायला हवं’ आणि ‘नको वाटतं’ यांच्यामध्ये.

मुख्य हत्यार एक प्रश्न. ‘नीट जेवणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहात सांगा.’ काका म्हणतात, चार. नवखा समुपदेशक विचारेल, ‘आठ का नाही?’ आणि काका न जेवण्याची कारणं मोजू लागतील. इथे विचारतात, ‘दोन का नाही?’ मग काकांच्याच तोंडून येतं, ‘जिना चढताना पाय थरथरतात हो.’ ‘जिना पुन्हा निवांत चढता यावा, असं वाटतंय,’ एवढंच बोलून समुपदेशक थांबतात. एका प्रश्नामागे निदान दोन वेळा असं समोरच्याचं म्हणणं त्याला परत ऐकवायचं, हे चांगल्या संवादाचं प्रमाण इथे पाळलं जातं. माहिती देण्याआधी परवानगी, दिल्यावर ‘यातलं काय पटतंय?’ ठरतं तेही छोटं : जेवणाआधीचा चहा बंद, संध्याकाळी अर्धी वाटी मऊ भात, मेतकूट, तूप.

सगळं बिघडतं ते तिसऱ्या भेटीला घरचे आले की. ‘मॅडम, तुम्हीच सांगा यांना!’ समुपदेशकही सांगू लागतात, काका ‘मला भूकच नाही’वर अडून बसतात. घरच्यांना आधी पंधरा मिनिटं वेगळं भेटलं तर हे टळेल.

दुसरी चूक जास्त गंभीर. अर्जात औषधांचा रकाना नाही, वजनकाटा कोपऱ्यात धूळ खातो. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन, हृदयविकारावरचं डिगॉक्सिन अशा औषधांनी भूक मरू शकते. बद्धकोष्ठ, सैल कवळी, क्षयरोग, नैराश्य यांनीही. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्के उतरलं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो, तर आधी डॉक्टर, गप्पा नंतर. मुद्दाम उपाशी राहणाऱ्या, चक्कर येणाऱ्या मुलीला तर नुसत्या या संवादावर ठेवूच नये.

जाताना औषधांची चिठ्ठी आणि गेल्या वर्षीचं वजन लिहून न्या. तिथे कुणी विचारणार नाही, तुम्हीच पुढे करा.