इंजिन बांधून वर्ष होत आलं: दोन मशीन शॉप, दोन निकाल

चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, बिडाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला खालचा भाग), अॅल्युमिनियमचं हेड (व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग). खोलणं-जोडणं मी घरी केलं, मशीनचं काम बाहेर दिलं. ब्लॉक आणि क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा) एका शॉपला गेले, हेड दुसऱ्याला, कारण पहिल्याकडे रांग मोठी होती. गाडी आता रोज चालते आणि कुठलं काम कसं झालं होतं ते इंजिनच सांगतंय. म्हणून हा अनुभव आत्ता लिहितोय, बिल दिलं त्या दिवशी लिहिण्यात अर्थ नव्हता.

ब्लॉकवाल्याचा पहिला प्रश्न होता, "पिस्टन आणलेत का?" मी म्हटलं, मागवलेत. "मग आल्यावर ब्लॉक आणा." तेव्हा जरा रागच आला, पण त्याचं बरोबर होतं. ०.५० ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा ०.५० मिमी मोठा) असं खोक्यावर छापलेलं असलं तरी चारही पिस्टन तंतोतंत सारखे असतात असं नाही. त्याने प्रत्येक पिस्टन स्कर्टवर (त्याच्या खालच्या भागावर), कंपनीने सांगितलेल्या उंचीला, पिनच्या काटकोनात मोजला, त्यावर नंबर टाकला आणि त्या-त्या पिस्टनप्रमाणे बोअर (सिलिंडरचं भोक) होन केलं, म्हणजे दगडाने घासून मापात आणलं. पिस्टनच्या कागदावर क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) ०.०४ मिमी होता. इतक्या बारीक मापात हवामानही हिशेबात धरावं लागतं: अॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पिस्टन आणि ब्लॉक एकाच तापमानाला आल्याशिवाय माप घेण्यात अर्थ नाही. हा माणूस ब्लॉक आदल्या रात्री आत आणून ठेवायचा.

होनिंग टॉर्क प्लेट लावून झालं. हेडचे बोल्ट आवळले की बोअरचा गोलपणा किंचित बिघडतो. म्हणून हेडच्या जागी जाड प्लेट तेवढ्याच टॉर्कने कसायची आणि त्या ताणात होन करायचं. प्रत्येक इंजिनाला हे लागतंच असं मी म्हणणार नाही, पण पातळ भिंतींच्या ब्लॉकसाठी विचारून बघा. उत्तरापेक्षा समोरच्याचा चेहरा जास्त सांगून जातो.

क्रँक ०.२५ मिमी अंडरसाइझ ग्राइंड झाला, म्हणजे घासून तेवढा बारीक. परत आल्यावर मी दोन गोष्टी आधी पाहिल्या: जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) कडेची गोलाई शाबूत आहे का, आणि ऑइलच्या भोकांची धार मारली आहे का. कोपरा तीक्ष्ण राहिला तर क्रँकला तडा तिथूनच सुरू होतो. दोन्ही ठीक होतं. प्लास्टिगेज (दाबून किती चपटी झाली त्यावरून फट मोजायची मऊ दोरी) टाकून मेन बेअरिंगचा क्लिअरन्स ०.०५ मिमीच्या आत आला. पन्नास मिमीच्या आसपासच्या जर्नलला हा आकडा छान.

या शॉपचा एक गुण मात्र कापतो, तो धुण्यासाठी. "धुऊन दिलाय" म्हणाले, पण तेल लावलेलं पांढरं फडकं बोअरमध्ये फिरवलं तर करडं निघालं. ती होनिंगची बारीक भुकटी. पेट्रोल किंवा रॉकेलने ती नीट निघत नाही, रेषांमध्ये दबून राहते आणि पुढे पिस्टनच्या रिंगा खाते. गरम पाणी, साबण, ब्रश. फडकं स्वच्छ येईपर्यंत तेच. मग लगेच तेल, कारण उघडं बीड बघता बघता गंजतं. ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे) प्लग काढून आतूनही ब्रश फिरवला. शॉप कितीही चांगलं असो, हे काम मी कुणावर सोडणार नाही.

आता हेड. ते तापून वाकलेलं होतं. प्रेशर टेस्ट झाली, फेसिंगही (खालची बाजू सपाट करणं) सुरेख झालं, गॅस्केटची आजवर तक्रार नाही. वाकलेलं हेड फक्त खालून सपाट केलं तर वरची कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) लाइन वाकडीच राहू शकते. म्हणून व्हॉल्व्ह बसवण्याआधी नुसता कॅम कसून हाताने फिरवून पाहिला, मोकळा फिरला. इथपर्यंत सगळं उत्तम. पण व्हॉल्व्ह गाइडबद्दल (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) विचारलं तर उत्तर आलं, "चालतील." किती झिजलेत याचा आकडा बोलण्यातही नाही, बिलावरही नाही. ब्लॉकवाल्याने चारही बोअरची मापं, वर, मध्ये, खाली, हाताने लिहून दिली होती.

निकाल सांगतो. इंजिन पूर्ण तापलेलं असताना आयडलिंगला ऑइल प्रेशर पहिल्या आठवड्यात होतं तेवढंच आहे. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळजवळ सारखं. ऑइल बदलायची वेळ येईपर्यंत डिपस्टिकवरची पातळी फारशी हलत नाही. पण गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी स्टार्टला निळ्या धुराचा एक भपका येतो, लांब उतारावर अॅक्सिलरेटर सोडून परत दाबला की पुन्हा तेच. चढाला जोर लावताना काही नाही. म्हणजे रिंगा निर्दोष, तेल वरून, गाइड आणि त्यांच्यावरच्या तेल अडवणाऱ्या सीलमधून उतरतंय.

सील बदलायला हेड उतरवावं लागत नाही, सिलिंडरमध्ये हवेचा दाब धरून वरच्या वर होतं. आधी तेच करणार आहे. त्याने भागलं नाही तर हेड निघेल आणि ब्लॉकवाल्याच्या रांगेत जाईल, कितीही थांबावं लागलं तरी. एकाच शॉपला सगळं देण्याचा आणखी एक फायदा: बिघडलं तर "तो भाग आमचा नव्हता" हे ऐकावं लागत नाही.