गोव्याच्या खाऱ्या हवेत टिकणारं, खिशाला परवडणारं रोजचं घड्याळ

रोजच्या वापराचं घड्याळ घेताना तबकडी सर्वांत शेवटी बघावी. आधी घड्याळ उलटं करून मागच्या झाकणावरची बारीक अक्षरं वाचावीत. 'बेस मेटल बेझल, स्टेनलेस स्टील बॅक' असं कोरलेलं असेल तर मनगटाला टेकणारं झाकण तेवढं स्टीलचं असतं. बाकीची केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, पितळेची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची आणि वरून क्रोमचा नाहीतर सोनेरी मुलामा. कोरड्या हवेच्या गावात असं घड्याळ बरीच वर्षं देखणं राहतं. आपल्याकडे एप्रिल-मेचा घाम, दर्यावरून येणारी खारी हवा आणि जूनपासून चार महिने न हटणारा ओलावा, या तिघांपुढे मुलामा टिकत नाही. पट्टा जिथे केसला जोडलेला असतो तिथे तो पहिल्यांदा उडतो, मग त्या जागी हिरवट थर धरू लागतो. तो पितळेतल्या तांब्याचा गंज. एकदा सुरू झाला की पॉलिश करूनही थांबत नाही.

घड्याळ बंद पडलं की दोष मशीनला दिला जातो, पण मशीन बहुधा शाबूत असतं. क्वार्ट्‌झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि हे तंत्र आता इतकं स्वस्त व पक्कं झालंय की त्यात बिघडण्यासारखं फार थोडं उरलंय. सिटिझन गटाचं मियोटा २०३५ हे मशीन कितीतरी कंपन्यांच्या स्वस्त घड्याळांत असतं. महिन्याला वीस सेकंद पुढे किंवा मागे, एवढीच त्याची मर्यादा. त्यामुळे सहाशेच्या आणि तीन हजारांच्या घड्याळात वेळेच्या अचूकपणात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो केसमध्ये, झाकणाखालच्या रबरात, काचेत आणि पट्ट्यात. पैसे तिथेच घालावेत.

आता पाण्याचं. झाकणावर ३० मीटर किंवा ३ बार लिहिलेलं असलं म्हणजे घड्याळ तीस मीटर खोल नेता येतं, असं मुळीच नाही. तो स्थिर दाबाच्या चाचणीचा आकडा आहे. व्यवहारात ३ बार म्हणजे हात धुताना उडालेलं पाणी, फार तर रिमझिम. नुसतं 'वॉटर रेझिस्ट' लिहिलं असेल आणि आकडा नसेल, तरी तेवढंच समजावं. जुलैत दुचाकीवरून पणजी-म्हापसा करणाऱ्याच्या मनगटावर पाऊस सतत मारा करतो. तिथे निदान ५ बार हवं. विहिरीत, नदीत किंवा समुद्रात पोहायचं तर १० बार, म्हणजे १०० मीटर. माझ्या मते गोव्यात रोजच्या घड्याळासाठी १०० मीटरच मागावं, कारण हा आकडा नव्या रबराचा असतो. दोन-तीन वर्षांत रबर चपटं आणि कडक होतं. तेव्हा शंभराचं पन्नास उरलं तरी आपलं काम भागतं, तिसाचं काहीच उरत नाही. गरम पाण्याची आंघोळ आणि साबण रबराला वाईट. पाण्यात असताना डिजिटलची बटणं दाबू नयेत आणि काट्यांच्या घड्याळाची चावी पूर्ण आत बसली आहे ना, हे घराबाहेर पडताना बोटाने चाचपावं. पाणी शिरलेल्या कितीतरी घड्याळांत चावी जरा बाहेर राहिलेली असते, एवढंच कारण.

या सगळ्या कसोट्यांवर सर्वांत सरळ उतरणारं घड्याळ म्हणजे कॅसिओचं डब्ल्यू-८००एच. १०० मीटर, रेझिनची (एका प्रकारच्या प्लास्टिकची) केस, मागे स्टीलचं झाकण आणि सीआर २०२५ सेलवर सुमारे दहा वर्षं. महिन्याला तीस सेकंदांपर्यंत फरक पडू शकतो, म्हणजे दोन महिन्यांतून एकदा मिनिटभर दुरुस्त करायचं. आकडे मोठे आहेत, चाळिशीनंतर चष्मा न लावताही वाचता येतात. साधारण दोन-अडीच हजारांच्या घरात मिळतं. रेझिनला गंज नाही, मुलामा नाही, त्यामुळे उडायलाही काही नाही. वेर्णा किंवा कुंडईच्या कारखान्यात पाळी करणाऱ्याला, हॉटेलच्या स्वयंपाकघरात दिवसभर पाण्यात हात घालणाऱ्याला, मालीमच्या जेटीवर जाळी ओढणाऱ्याला मी आधी हेच सुचवेन. दिसायला साधं आहे, लग्नसमारंभात शोभणार नाही.

त्याच कंपनीचं एफ-९१डब्ल्यू जास्त प्रसिद्ध. १९८९ पासून जवळजवळ आहे तसंच बनतंय. वजन २१ ग्रॅम, जाडी साडेआठ मिलिमीटर, सीआर २०१६ सेल सुमारे सात वर्षं. शाळेतल्या मुलांना, बारीक मनगटाच्या बायकांना, नाडी मोजायला सेकंद बघावे लागणाऱ्या परिचारिकांना उत्तम. पण पाण्याच्या बाबतीत ते वरच्या तीस मीटरच्याच वर्गात येतं, पोहण्यासाठी नाही. दिवाही मिणमिणता, डाव्या कोपऱ्यातला एकच हिरवा ठिपका, मिनिटांचे आकडे अंधारातच राहतात. फेब्रुवारी त्याच्या लेखी कायम २८ दिवसांचा, म्हणून लीप वर्षी तारीख हाताने लावायची. नकली माल खूप आहे. उजवीकडचं बटण तीन सेकंद दाबून धरलं की पडद्यावर कंपनीचं नाव उमटतं, ही जुनी परीक्षा. पण आता काही नकली घड्याळंही ती पास होतात. तेव्हा फुटपाथवर निम्म्या किमतीत घेण्यापेक्षा शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड देणाऱ्या दुकानातून घ्यावं.

याचा सेल घरी बदलता येतो, मात्र सावकाशीने. झाकणाचे चार बारीक स्क्रू डोक्यात बरोबर बसणाऱ्या पेचकसानेच काढावेत. मोठा वापरला की खाचा झिजतात आणि पुढच्या वेळी स्क्रू निघत नाही. झाकण उचलताना केसाएवढ्या तारेची एक चिमुकली स्प्रिंग दिसेल. ती झाकणातल्या बझरला टेकते. हरवली की घड्याळ चालतं पण गजर वाजत नाही. सेलवरची पट्टी चिमट्याने बाजूला करून जुना सेल काढायचा, नवा अधिकची बाजू वर ठेवून बसवायचा. मग 'एसी' लिहिलेल्या जागेला आणि सेलच्या वरच्या बाजूला चिमट्याची दोन टोकं दोन सेकंद एकाच वेळी टेकवायची. हे केलं नाही तर पडद्यावर वेडेवाकडे आकडे येऊ शकतात आणि घड्याळ बिघडलं असा गैरसमज होतो. शेवटी रबराची रिंग खाचेत नीट बसवायची. तिला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. खोबरेल किंवा मशीनचं तेल नको, त्याने रबर फुगतं. रिंग कुठे मुरगळलेली राहिली तर पहिल्याच पावसात काचेखाली वाफ धरते.

काटेच हवेत अशांसाठी कॅसिओचंच एमआरडब्ल्यू-२००एच. हेही रेझिनचं, १०० मीटरचं, वार आणि तारीख दोन्ही दाखवणारं, वजनाला हलकं. महिन्याला वीस सेकंदांची मर्यादा, सेल सुमारे तीन वर्षं. मनगट बारीक असेल तर जरा मोठं वाटेल. तारखेच्या घड्याळांची एक खोड लक्षात ठेवावी: रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान वार-तारीख चावीने फिरवू नये. त्या वेळी तारखेचं चाक आतल्या दातात अडकलेलं असतं, जबरदस्ती केली तर दात तुटतो आणि मग तारीख मधेच अडकून बसते. आधी काटे फिरवून सहाच्या आसपास आणावेत, मग तारीख लावावी. तीस दिवसांचे चार महिने आणि फेब्रुवारी, असं वर्षातून पाच वेळा हे करावं लागतं.

कॅसिओचंच जी-शॉक डीडब्ल्यू-५६०० दुपटीहून महाग पडतं. २०० मीटर आणि आपटण्याचा धाक नाही, हे त्याचं बळ. ट्रॉलरवर, बांधकामावर किंवा खाणीच्या ट्रकवर काम असेल तर पैसे वसूल. कचेरीत बसणाऱ्याला त्याची गरज नाही.

धातूचंच घड्याळ हवं असेल, दहावीनंतर किंवा गणेशचवथीला कुणाला भेट द्यायचं असेल, तर टायटन-सोनाटासारख्या ब्रँडच्या मालात पुष्कळ पर्याय आहेत आणि सर्व्हिस गावोगाव मिळते. इथे पाठीवर 'ऑल स्टेनलेस स्टील' किंवा वर्णनात केसचा धातू स्टेनलेस स्टील, असं स्पष्ट हवं. 'अलॉय' किंवा 'ब्रास' असेल तर खाली ठेवावं, डायल कितीही आवडलेली असली तरी. क्रोमचा मुलामा दिलेल्या प्लास्टिक केसची डिजिटल घड्याळंही असतात. ती गंजत नाहीत, पण कडांवर चमक झिजून पांढुरकी पडतात.

काचेबद्दल थोडंच. स्वस्त घड्याळात रेझिनची काच असते, ती फुटत नाही पण ओरखडे लवकर पडतात. धातूला लावायचं पॉलिश मऊ कापडावर घेऊन पाच मिनिटं घासलं की बारीक ओरखडे जातात. मिनरल काच कडक, तरी किनाऱ्यावरची वाळू तिला भारी पडते, कारण वाळूत क्वार्ट्‌झ असतं आणि ते काचेहून कडक. वाळू लागलेली काच शर्टाने पुसू नये, आधी पाण्याखाली धरावी. नीलम काच वाळूला दाद देत नाही, पण या किमतीत खरी मिळणं दुर्मीळ.

पट्ट्यावर मात्र नीट विचार करा, कारण घड्याळ हरवतं ते पट्ट्यामुळे. चामड्याचा पट्टा पावसाळ्यात गोव्यात वापरूच नये. कपाटात ठेवला तर आठवड्यात पांढरी बुरशी, हातावर ठेवला तर घामाने आतून सडतो आणि वासही येतो. रेझिनचा पट्टा तीन-चार वर्षांनी बकलच्या भोकांजवळ चिरतो. वाकवून बघितलं की चीर आधीच दिसते, तेव्हाच बदलावा. नायलॉनचा एकसंध पट्टा, जो दोन्ही पिनांखालून आणि घड्याळाच्या पाठीमागून जातो, तो मला सर्वांत भरवशाचा वाटतो. एक पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकून राहतं, होडीतून पाण्यात पडत नाही. घेण्यापूर्वी दोन टोकांमधली रुंदी पट्टीने मोजावी: १८, २० किंवा २२ मिलिमीटर. या मापाचा पट्टा कुठल्याही बाजारात मिळतो. खास आकाराच्या पट्ट्याची घड्याळं टाळावीत, कारण कंपनीने तो पट्टा बनवणं थांबवलं की चांगलं घड्याळ निकामी ठरतं. पट्टा बदलताना पिनाही बदलाव्यात. गंज सर्वांत आधी पिनेच्या टोकाला, आतल्या स्प्रिंगवर धरतो आणि तो बाहेरून दिसत नाही. नव्या पिनांना दहा-वीस रुपयेच पडतात.

सेल बदलायला दिलात तर एक प्रश्न जरूर विचारा: एसआर की एलआर? काट्यांच्या अनेक घड्याळांत एसआर ६२६ एसडब्ल्यू हा सिल्व्हर ऑक्साइडचा सेल लागतो. त्याच मापाचा एलआर ६२६, पाकिटावर एजी ४ लिहिलेला, अल्कलाइन असतो आणि खूप स्वस्त. तो बसतो, घड्याळ चालतंही. पण लवकर उतरतो आणि उतरल्यावर आत राहिला तर गळतो. गळलेलं क्षार तांब्याच्या पट्ट्या खातं. सेकंदाचा काटा चार-चार सेकंदांच्या उड्या मारू लागला तर तो बिघाड नाही, सेल संपत आल्याची मशीनने दिलेली सूचना आहे. सगळ्याच घड्याळांत ही सोय नसते. बंद पडलेलं घड्याळ सेलसकट खणात टाकून ठेवू नये.

पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या, खरेदीला मे महिन्यात बाजारात जाल तेव्हा घड्याळही घड्याळजीकडे न्यावं आणि झाकणाखालचं रबर बदलून घ्यावं. समुद्रावरून आल्यावर घड्याळ अर्धा मिनिट गोड्या पाण्याच्या नळाखाली धरावं आणि महिन्यातून एकदा जुन्या दातांच्या ब्रशने पट्ट्याच्या सांध्यांतला मळ काढावा.

खारं पाणी आत गेलंच तर वेळ दवडू नये. घड्याळ तांदळात पुरून उपयोग नाही. त्याने मीठ निघत नाही, उलट तांदळाची भुकटी आत जाते. उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं तर वाफ होऊन पाणी आणखी आत, काचेखाली पसरतं. त्याच दिवशी झाकण उघडून पहिल्यांदा सेल काढावा, कारण मिठाच्या पाण्यातून वीज वाहत राहिली की गंज कितीतरी वेगाने चढतो. मशीनमधलं तांब्याचं वेटोळं केसापेक्षा बारीक तारेचं असतं. ती तार एका जागी तुटली की घड्याळ संपलं. सेल काढून घड्याळजीकडे दिलं तर तो मशीन साफ करून वाळवेल. मियोटा २०३५ सारखं मशीन खराब झालंच असेल तर दुरुस्तीपेक्षा नवं बसवणं स्वस्त पडतं. डिजिटलचं मशीन मात्र सुटं मिळणं कठीण, तिथे नवं घड्याळच घ्यावं लागतं. आणि वॉरंटीवर विसंबू नये: पट्टा, काच आणि सेल सहसा तिच्यात धरत नाहीत, आणि पाणी शिरलेलं असेल तर केंद्रात पहिला प्रश्न येतो तो झाकण बाहेर कुणी उघडलं होतं का, हाच. म्हणून वॉरंटीच्या काळात सेलसुद्धा कंपनीच्या केंद्रातच बदलावा आणि पावती कार्डाबरोबर टाचून ठेवावी.