कर्नल अपग्रेडच्या नावाखाली १,०३,२६० रुपये गेले. पुण्यातल्या छोट्या ऑफिसांनी वाचाच

आकडा पुरा लिहितो, कारण "लाखभर गेले" म्हटलं की लोक हळहळतात आणि विसरून जातात. देखभालीचा वार्षिक करार ३६,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४२,४८०. दोन वर्षांचे ८४,९६०. "सिक्युरिटी अपडेटचं लायसन्स" ११,८००. रात्री येऊन सर्व्हर रीस्टार्ट करण्याचे ६,५०० रोख, पावती नाही. देखभालीच्या एजन्सीने एवढं घेतलं, तरी कर्वे रोडवरच्या आमच्या तेरा माणसांच्या ऑफिसातल्या उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर दोन वर्षांत एकही नवं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, चढलं नाही.

एएमसीचा, म्हणजे अशा वार्षिक कराराचा, प्रकार सगळ्यांना माहीत आहे. वर्षाला चार व्हिजिट, चार पीडीएफ, खाली सही, की चेक. उलगडा झाला तो चाकणच्या एका ग्राहक कंपनीने पाठवलेल्या फॉर्ममुळे. त्यात चालू कर्नलची आवृत्ती भरायची होती. 'यूनेम -आर' ही चालू कर्नल दाखवणारी कमांड दिली, उत्तर आलं '५.१५.०-२५-जेनेरिक'. एप्रिल २०२२मध्ये उबुंटू २२.०४ आलं तेव्हा इन्स्टॉलरच्या इमेजमध्ये होतं तेच हे कर्नल. ५.१५ या आकड्याला घाबरू नका. २२.०४चं मूळ कर्नल शेवटपर्यंत ५.१५च राहतं आणि नव्या दुरुस्त्या त्यातच आणून बसवतात. "तुमचं ५.१५ जुनं झालं, ६चं टाका" म्हणणारा एकतर अडाणी असतो, नाहीतर पैसे काढायला आलेला. बघायचा तो डॅशनंतरचा आकडा, इथे २५. तो वाढला नाही, तर दुरुस्त्या आल्याच नाहीत.

मग एकेक उघडत गेलं. 'अ‍ॅप्ट-मार्क शोहोल्ड' ही रोखून ठेवलेली पॅकेजं दाखवणारी कमांड दिल्यावर तीन नावं आली: लिनक्स-जेनेरिक, लिनक्स-इमेज-जेनेरिक, लिनक्स-हेडर्स-जेनेरिक. कर्नलला हात लागू नये म्हणून मुद्दाम लावलेलं कुलूप. नवं कर्नल चढलं की बाहेरून टाकलेले ड्रायव्हर कधीकधी पुन्हा बांधावे लागतात, मशीन उठलं नाही तर धावत यावं लागतं. ती कटकट टाळायची, पण बिलात "कर्नल अपग्रेड" लिहायचंच. इटीसी-अ‍ॅप्टमधल्या '२०ऑटो-अपग्रेड्स' फाइलमध्ये दोन्ही आकडे शून्य. उबुंटू सर्व्हरवर सुरक्षेची पॅकेजं 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' आपोआप, फुकट टाकतं. ते बंद करून तेच काम आम्हाला विकलं! 'व्हार-लॉग-अ‍ॅप्ट'मधली हिस्टरी फाइल, म्हणजे काय कधी बसवलं त्याची नोंद, वर्षभराचे जुने महिने सांभाळून ठेवते. त्या वर्षात चार व्हिजिट झाल्या, नोंदी एकाच तारखेच्या, त्याही प्रिंटर ड्रायव्हरच्या.

परिणाम काय, तेही लिहितो. जानेवारी २०२४मध्ये कर्नलच्या नेटफिल्टर भागातली सीव्हीई-२०२४-१०८६ ही सुरक्षेतली त्रुटी दुरुस्त झाली. तिच्यामुळे मशीनवरचा साधा यूजर थेट रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण मालक, होऊ शकतो, आणि त्या वर्षी ती प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरलीही गेली. १ जुलै २०२४ला दुरून लॉगिन करायच्या ओपनएसएसएचची सीव्हीई-२०२४-६३८७ जाहीर झाली. २२.०४वर ती '८.९पी१-३उबुंटू०.१०' मध्ये दुरुस्त झाली. आमच्याकडे दोन्ही भोकं उघडी, आणि एसएसएच बाहेरून चालू.

आता ज्याचा खरा संताप येतो ते. १६ मार्च २०२४, शनिवार. अहवालात लिहिलंय, "रात्री ११.३० वाजता कर्नल अपग्रेड करून सर्व्हर रीबूट केला." त्याचेच ते ६,५०० रुपये. त्याच पीडीएफच्या तिसऱ्या पानावर, 'सर्व्हर हेल्थ' मथळ्याखाली, दुसऱ्या दिवशी सकाळी काढलेला 'टॉप' या कमांडचा स्क्रीनशॉट आहे. काळ्या पडद्यावरची पहिलीच ओळ: अप २११ डेज. रात्री रीबूट झालेलं मशीन सकाळी दोनशे अकरा दिवस सलग चालू कसं असेल? त्या पानाखाली आमची सही आहे, निळ्या शाईत. त्या दिवशी आम्ही तो आकडा वाचला होता. वाचून खूश झालो होतो. गुरुवारी वीज गेली तरी इन्व्हर्टरवर न अडखळता चालणारा सर्व्हर म्हणून दहा जणांना कौतुकाने सांगितला होता. चोरीचा पुरावा त्यांनी स्वतःच छापून दिला आणि आम्ही तो मिरवला.

"लिनक्स वापरता आणि एवढं कळत नाही?" असं ज्यांना म्हणायचंय त्यांना सांगतो, वायरमनने बसवलेली एमसीबी कोणी उघडून बघत नाही. पैसे देतो ते विश्वास ठेवता यावा म्हणूनच.

एजन्सीकडे हिशेब मागितल्यावर उत्तर आलं, "आम्ही लाइव्हपॅच वापरतो, त्यात रीबूट लागत नाही." लाइव्हपॅच, म्हणजे चालू कर्नललाच ठिगळ लावणं, ही खरी गोष्ट आहे, त्यात 'यूनेम'चा आकडाही बदलत नाही. पण त्यासाठी मशीन उबुंटू प्रोला जोडलेलं लागतं. 'प्रो स्टेटस' दिलं, मशीन कुठल्याही सबस्क्रिप्शनला जोडलेलंच नाही. मग ११,८०० कशाचे? प्रो व्यक्तिगत आणि छोट्या व्यावसायिक वापरासाठी पाच मशीनपर्यंत फुकट मिळतं. आणि २२.०४च्या मूळ कर्नलच्या दुरुस्त्यांना एप्रिल २०२७पर्यंत प्रोचीसुद्धा गरज नाही.

अहवाल मिळाला की स्क्रीनशॉट कुठल्या कमांडचा आहे ते बघा. 'अ‍ॅप्ट अपडेट' फक्त यादी ताजी करतं, काहीही बसवत नाही. आमच्या आठही अहवालांत तोच होता, आणि "एवढी पॅकेजं अपग्रेड करता येतील" ही शेवटची ओळ दर वेळी कापलेली. 'अ‍ॅप्ट-गेट अपग्रेड' नवं पॅकेज घेत नाही, त्यामुळे कर्नल 'केप्ट बॅक' म्हणून मागे राहतं. 'अ‍ॅप्ट फुल-अपग्रेड' हवं. 'रीबूट-रिक्वायर्ड' फाइल दिसत नाही म्हणून निश्चिंत राहू नका, कुलूप असेल तर कर्नलसाठी ती तयारच होत नाही.

नीट काम करायला आम्हाला पाऊण तास लागला. आधी बॅकअप. मग 'डीएफ -एच'ने बूट पार्टिशनची जागा पाहिली. एका कर्नलची इनिटआरडी ही बूटला लागणारी फाइलच शंभर एमबीच्या आसपास जाते, ५१२ एमबीचं पार्टिशन तीन-चार कर्नलांत भरतं आणि अपग्रेड अर्ध्यात अडकतं. तसं असेल तर 'ऑटोरिमूव्ह'ने जुनी काढा. मग अनहोल्ड (कुलूप काढणं), अपडेट, फुल-अपग्रेड, 'डीकेएमएस स्टेटस' (बाहेरचे ड्रायव्हर पुन्हा बांधले गेले का ते), रीबूट, 'यूनेम -आर'. जुनं एक कर्नल ठेवाच. नवं उठलं नाही तर ग्रब या बूट मेनूच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून ते निवडता येतं. 'जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स' प्रत्येक रीबूटची तारीख दाखवतं, ती बिलाशी ताडून बघा, पैसे नंतर. करार संपला की रूटची 'ऑथोराइज्ड-कीज' ही पासवर्डशिवाय लॉगिनच्या चाव्यांची फाइल उघडा. आमच्यात त्यांच्या तीन चाव्या सापडल्या.

आणि तक्रार? हद्दीतल्या चौकीत सांगितलं, "हे सिव्हिल मॅटर." बिल खोटं, काम झालंच नाही, तरी सिव्हिल! वर पाठवलं, तिथे म्हणाले पैसे ऑनलाइन उडवलेले नाहीत, चेकने दिलेत, हे सायबरमध्ये बसत नाही. परत चौकी. तिथे नवा पेच, निम्मा व्यवहार १ जुलै २०२४च्या आधीचा, म्हणजे जुनं ४२० कलम, निम्मा नंतरचा, म्हणजे न्याय संहितेचं ३१८, "आधी वकिलाकडून लिहून आणा." अपटाइम म्हणजे काय हे तीन टेबलांवर तीनदा समजावलं. तिसऱ्या टेबलावर विचारलं, "पण कॉम्प्युटर चालू होता ना?" ग्राहक आयोगाचा रस्ता धरावा तर २०१९च्या कायद्यात व्यावसायिक कामासाठी घेतलेली सेवा ग्राहक या व्याख्येतून वगळलेली. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला जी सवलत आहे ती विकत घेतलेल्या वस्तूंपुरती लिहिलेली, तेरा माणसांच्या ऑफिसने घेतलेल्या सेवेला नाही. म्हणजे नेमकं आमच्याएवढं ऑफिस लुटलं तर दाद मागायची कुठे?

सहाव्या खेपेला अर्ज घेतला. पोच आहे, शिक्का आहे, आवक क्रमांकाची जागा कोरी आहे.